खनूनचं पाणी

दोन हात एकाच वेळी एका खोक्यात शिरले… आणि एकाच वस्तूवर पडले.

"हा मी घेतलाय," ती म्हणाली.

"मीही," तो म्हणाला. पण हात त्यानंच आधी काढला.

थाई किनाऱ्यावरच्या आंग सिला गावाच्या बाजारात, दगडी खलबत्त्यांच्या दुकानांपलीकडे नळसामानाचं ते जुनं दुकान होतं. निळे पाइप छताला टेकलेले, जमिनीवर एल्बो आणि व्हॉल्व्हची खोकी. त्यातल्या एका खोक्यात एकच जोड उरला होता. टाकीला भोक पाडून त्यात घालायचा आणि दोन्ही बाजूंनी रबरी चकती लावून आवळायचा, असा आट्यांचा जोड. समुद्रावरून खारट वारा येत होता आणि तिच्या कपाळावरची एक बट सारखी डोळ्यांवर येत होती.

"मी तळी बांधतो," तो म्हणाला. "लहान, अंगणातली. थानिन माझं नाव. तुम्हाला कशासाठी हवाय?"

"कासवासाठी."

"कासवाला जोड?"

"कासवाच्या काचपेटीला हो!" ती हसली नाही, पण ओठांचा एक कोपरा हलला. "पाणी खाली गाळणीच्या पिंपात न्यायला काचेला भोकसुद्धा पाडून घेतलंय काल. सहा सुताचा पाइप, सहा सुताचं भोक."

थानिननं डोळे मिटून घेतले. पायावर कुणीतरी वीट टाकल्यासारखे.

"काय झालं?"

"भोक… किती म्हणालात?"

"सहा सूत. पाऊण इंच. मी शाळेचे गणवेश शिवते. मापाला चुकत नाही मी."

"माप बरोबरच आहे तुमचं. फक्त…" त्यानं तो जोड उचलून अलगद तिच्या तळहातावर ठेवला. "हे बघा. सहा सूत म्हणतात ते आतल्या पोकळीला, जिथून पाणी जातं तेवढीला. त्यावर पाइपाची जाडी, त्यावर जोडाची, त्यावर हे आटे. भोक लागतं अकरा सुतांचं. कापड बेतताना तुम्ही शिलाईला माया सोडता ना? तशी पाइपालाही सोडावी लागते."

तिनं पिशवीतून आपली टेप काढली, आट्यांवरून गुंडाळली, पुन्हा एकदा धरून पाहिली. मग तिचा चेहरा उतरला.

"भोक मोठं करता येईल?"

"काच तडकेल बहुतेक."

"मग गेला माझा खनून," ती पुटपुटली. आणि आपण हे एका अनोळखी माणसासमोर बोलून गेलो, हे लक्षात येऊन तिनं झटकन मान वळवली.

तेवढं पुरे झालं त्याला. "पाणी खालच्याच पिंपात न्यायला हवं, असं कुणी सांगितलं? वर नेऊ की. गाळणीचा पिंप काचपेटीच्या वर ठेवायचा. पंपानं पाणी वर चढवायचं, ते आपल्या पायांनी खाली येईल. काचेला भोक नकोच. आहे त्याला रबरी बूच लावू."

"लावू?"

"म्हणजे… लावा तुम्ही." त्याचे कान लाल झाले. "मी नुसता बघायला येईन."

"तुमच्या तळ्याचं काय?"

"त्यातले मासे अजून यायचेत. त्यांना घाई नाही."

तिनं जोड मुठीत मिटला. "माझं नाव रिंदा. आणि घरी माझी याय आहे, आधीच सांगून ठेवते."

याय म्हणजे रिंदाच्या आईची आई. आंग सिलामध्ये तिच्याइतक्या भराभर कालवं फोडणारी दुसरी बाई नव्हती. सकाळपासून ती ओट्यावर बसे. हातात लोखंडी चोचीची छोटी हातोडी, एका बाजूला कालवांची टोपली, दुसऱ्या बाजूला शिंपल्यांचा ढीग. थानिन फाटकातून आत आला तेव्हा तिनं हातोडी न थांबवता त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. त्यानं दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

"पाइपवाला का?"

"हो, याय."

"माझं मत आधी ऐक. हे कासव मला विहाराच्या तळ्यात सोडायचंय. बारा दिवसांनी मला बहात्तर पुरी होतात. बारा-बाराची सहा चक्रं झाली. या दिवशी कासव सोडलं की पुण्य लागतं, आयुष्य वाढतं. आणि घरातला वास जातो."

"वास नाही येणार, याय!" रिंदा आतून ओरडली.

"माझं नाक अजून म्हातारं झालं नाही," याय म्हणाली. "जीव डबक्यात कोंडायचा आणि वर त्याची घाण हुंगायची, हे पाप की पुण्य, तूच सांग."

थानिननं आत जाऊन पाहिलं. हिरवट, गढूळ पाण्यात एक कासव मान वर करून त्याच्याकडे रोखून बघत होतं. कानामागे लाल पट्टा, चेहऱ्यावर कुणा रागावलेल्या मास्तरांचा भाव. पंधरा वर्षांपूर्वी रिंदाच्या आजोबांनी बाजारातून एकाच पिशवीत ते आणि अर्धा फणस आणला होता. म्हणून त्याचं नाव खनून, म्हणजे फणस. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली. ते रोज संध्याकाळी बादलीनं पाणी बदलायचे. रिंदाला शिलाईच्या कामातून तेवढं जमत नव्हतं.

"विहाराच्या तळ्यात दीडशे कासवं आहेत," रिंदा हळू आवाजात म्हणाली. "तिथं आमच्याच मावशींनी सोडलेल्या कासवांचा ढीग झालाय. एकावर एक चढून बसतात. खनूनला दुसरं कासव कसं असतं तेसुद्धा माहीत नाही. तो माणसांच्या पावलांचे आवाज ओळखतो. माझे ओळखतो." ती थांबली. "आजोबांचे अजून ऐकतोय की काय, असं वाटतं कधीकधी. संध्याकाळी दाराकडे तोंड करून बसतो."

थानिननं खिशातून पेन्सिल काढून भिंतीवर उंची मोजायला सुरुवात केली.

याय ओट्यावरून म्हणाली, "माझी अट ऐका दोघंही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मला पेटीच्या तळाचे खडे दिसले पाहिजेत आणि नाकाला काही कळलं नाही पाहिजे. तर राहील. नाही तर विहार."

रोज दुपारनंतर थानिन यायचा. आणि समजावून सांगायची त्याची एक रीत होती. घाई नाही, आवाज चढवणं नाही, एकच गोष्ट तीनदा विचारली तरी तीनदा सांगणं. रिंदाला ती आवडू लागली होती. म्हणून कळलेली गोष्टही ती पुन्हा विचारायची.

"पंप पाणी वर ढकलतो," तो सांगायचा. "पाइप पिंपाच्या काठावरून आत उतरून थेट तळाला जातो. म्हणजे पाणी पिंपात खालून भरत वर येतं. आधी स्पंज. तिथं पानं, घाण, मोठा कचरा अडकतो. त्याच्यावर शिंपले. आणि वरच्या काठाजवळ तुमचा तो जोड, त्यातून पाणी परत पेटीत."

"शिंपले कशाला?"

"कासवाची घाण डोळ्यांना दिसत नाही तेवढीही असते. ती खाणारे जंतू असतात, चांगले. त्यांना राहायला घर लागतं. शिंपल्याच्या खरबरीत पाठीवर लाखोंनी राहतात ते. शिंपले दुकानात विकत मिळतात, पण…"

ओट्यावरची हातोडी थांबली.

"विकत?" याय म्हणाली. "शिंपले विकत? आंग सिलामध्ये? लोक हसतील माझ्या तोंडावर!"

दुसऱ्या दिवशी थानिन आला तेव्हा अंगणात शिंपल्यांची रांग लागली होती. घासलेले, उकळलेले, उन्हात वाळवलेले. पांढरेशुभ्र. याय ब्रश घेऊन शेवटची टोपली घासत होती.

"विहाराच्या बाजूची मी," ती न बघताच म्हणाली. "पण काम वाईट झालेलं मला खपत नाही."

रिंदा आणि थानिन एकमेकांकडे बघून हसले. मग दोघांनीही घाईघाईनं वेगवेगळ्या दिशांना पाहिलं.

"आणि काय गं," यायनं पुढं जोडलं, "हे साहेबाला म्हणावं तसं कुन थानिन, कुन थानिन काय चालवलंयस? बँकेत आलीयस का? दोन वर्षांनी मोठा आहे तुझ्याहून. सगळं जग जवळच्या मोठ्या माणसाला 'पी' म्हणतं."

"मला सवय नाही," रिंदा म्हणाली आणि टेप गळ्यात अडकवून उगाच शिलाईयंत्राकडे गेली.

पाइप जोडायचा दिवस उजाडला. लाकडी घोडीवर पिंप चढला. थानिनच्या कानामागे पेन्सिल, एका हातात सोल्युशनची डबी, दुसऱ्या हातात चार सुताचा पाइप. "जाणारी वाट नेहमी येणाऱ्या वाटेपेक्षा रुंद ठेवायची," तो सांगत होता, "म्हणजे पिंप तुंबत नाही. आता हा पाइप काठावर धरून ठेवा… थोडा वर… मी खूण करतो."

रिंदानं दोन्ही हात वर करून पाइप धरला. गणवेशावर खुणा करता करता खडूची एक निळी रेघ तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत उमटली होती. तिला ते ठाऊक नव्हतं. "इथं?" तिनं विचारलं. "का आणखी वर?"

थानिनची पेन्सिल हवेतच थांबली होती.

"कुन थानिन? हात दुखतात हं."

"हां… बरोबर आहे. तिथंच." त्यानं पेन्सिल परत कानामागे ठेवली, एल्बोला सोल्युशन लावलं, पाइप दाबून बसवला. मग मागे सरून तो बराच वेळ सगळ्याकडे बघत राहिला. "काहीतरी राहिलंय असं वाटतंय," तो म्हणाला.

"काय?"

"आठवत नाही."

पंप सुरू झाला. पिंपात पाणी चढलं, शिंपल्यांमधून बुडबुडे आले आणि मग जोडातून पाण्याची जाड धार पेटीत पडू लागली. खनून मान आत ओढून पाच मिनिटं तसाच बसला. मग हळूच धारेखाली गेला आणि पाठीवर पाणी घेत राहिला.

"अंघोळ करतोय!" रिंदानं टाळी वाजवली.

पण पाणी लगेच स्वच्छ होणार नव्हतं. नव्या शिंपल्यांवर जंतू वसायला आठवडे जातात, आणि हातात होते सहा दिवस. दुसऱ्या दिवशी थानिन एक पिशवी घेऊन आला आणि ती त्यानं रिंदापुढे धरली.

"तुमच्यासाठी."

तिनं आत डोकावलं. आत काळपट, बुळबुळीत, ओलाचिंब स्पंज होता.

"लोक फुलं आणतात," ती म्हणाली.

"फुलं चार दिवसांत सुकतात. हा माझ्या पहिल्या तळ्यातला आहे, चार वर्षं चाललेला. याच्यात वस्ती आहे. पिंपात ठेवला की सगळे नव्या घरी राहायला येतील." तो क्षणभर थांबला. "हा मी कुणाला दिला नव्हता आजवर."

रिंदानं तो घाणेरडा स्पंज दोन्ही हातांनी असा काही घेतला की ओट्यावर याय खोकली. तो खोटा खोकला होता.

चौथ्या दिवशी पेटीची मागची काच दिसली. पाचव्या दिवशी तळाचे खडे. यायनं पेटीजवळ नाक नेलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि काही न बोलता कालवं फोडायला निघून गेली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी तारांखालच्या फांद्या छाटायच्या म्हणून तासभर वीज गेली. रिंदा गणवेश द्यायला शाळेत गेली होती. परत आली तेव्हा उंबऱ्यातून पाणी वाहत होतं.

खोलीभर पाणी. दुसऱ्या दिवशी भिक्षूंना द्यायचा तांदूळ भिजलेला, भगव्या वस्त्रांची गाठोडी भिजलेली. यायच्या हातात खराटा. आणि काठोकाठ भरलेल्या पेटीतून बाहेर पडलेला खनून सर्वांत मोठ्या भगव्या गाठोड्यावर मान ताठ करून बसलेला.

"बघ," याय म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि म्हणूनच रिंदाला भीती वाटली. "त्यानं तर दीक्षाच घेतली. उद्या सकाळी विहार."

"याय—"

"उद्या सकाळी."

रिंदानं फोन केला तेव्हा तिच्या तोंडून धड शब्द निघेनात. दहा मिनिटांत थानिन दारात होता, चपला रस्त्यावरच राहिलेल्या. त्यानं पिंपात पाहिलं. पिंप रिकामा होता. मग पाइपाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"माझी चूक आहे," तो म्हणाला. "याय, कासवाची नाही, रिंदाची नाही. माझी." त्यानं बोट लावून दाखवलं. "पंप बंद पडला की पाणी पाइपातून उलटं ओढलं जातं. बादलीतून नळीनं पाणी काढतो ना, तसं. सगळा पिंप खाली रिता होतो. ते होऊ नये म्हणून इथं, पिंपाच्या काठाखाली, पाइपाला एक बारीक भोक पाडायचं असतं. पंप थांबला की तिथून हवा आत शिरते आणि पाण्याची ओढ तुटते. तांदळाएवढं भोक. ते मी पाडलं नाही."

याय खराट्यावर रेलली. "किती तळी बांधलीस म्हणालास?"

"अकरा."

"कितींमध्ये हे भोक विसरलास?"

"…एकातही नाही."

"मग उद्या पुन्हा काही विसरणार नाहीस कशावरून? अकरा ठिकाणी आठवलं आणि इथंच नाही, असं कसं झालं? खरं सांग पोरा. यंत्रात खोट असेल तर कासव जाईल. तुझ्यात खोट असेल तर तू जाशील. काय ते मला आत्ता कळायला हवं."

खोलीत फक्त उंबऱ्यावरून पाणी टपकण्याचा आवाज होता. रिंदा खनूनला पोटाशी धरून उभी होती, तिचा ब्लाउज ओला झाला होता.

थानिननं कानामागची पेन्सिल काढली. त्या पेन्सिलीकडेच बघत तो बोलला. "खूण करायलाच पेन्सिल काढली होती, याय. तेवढ्यात रिंदानं पाइप धरायला हात वर केले. त्यांच्या हातावर खडूची रेघ होती. निळी. इथून… इथपर्यंत." त्यानं आपल्या कोपरावरून बोट मनगटापर्यंत नेलं. "मी ती रेघ बघत राहिलो. खूण करायची राहून गेली." मग त्यानं मान वर केली. "रोज माझं इथलं काम संपलं की मी रस्त्याच्या वळणावर थांबून उद्या काय निमित्त काढायचं याचा विचार करतो. यंत्रात खोट नाही. ती माझ्यातच आहे."

रिंदानं मान खाली घातली. खनून तिच्या हातात चारही पाय हलवत होता, हवेत पोहत असल्यासारखा.

यायनं खराटा भिंतीला टेकवला.

"हिच्या आजोबांनी… म्हणजे माझ्या म्हाताऱ्यानं," ती म्हणाली, "लग्नाआधी आमच्या घराचं छप्पर शाकारलं होतं. नेमकं माझ्या अंथरुणावर गळायचं. तीन वेळा दुरुस्तीला आला." तिनं डोळे पुसले आणि लगेच खेकसली, "उभा काय राहिलास? पाड ते भोक!"

"पण विहाराला कासव देणार म्हणून तू सांगून आली आहेस," रिंदा घाबरत म्हणाली.

"ते आहेच. कबूल केलेलं पुण्य मोडता येत नाही."

"याय," थानिन म्हणाला, "विहारात कासवं आहेत दीडशे. त्यांना पाणी नाही धड. त्या तळ्याला मोठी गाळणी हवी. ती मी बांधीन. फक्त एवढे शिंपले मी कुठून आणू…"

यायनं ढिगाकडे पाहिलं. ओठ हलवत तिनं काहीतरी हिशेब केला. "बहात्तर टोपल्या," ती म्हणाली. "वयाइतक्या. एक कासव सोडण्यापेक्षा दीडशे कासवांना अंघोळ घालणं मोठं पुण्य, का लहान?"

"मोठं," दोघंही एकदम म्हणाली.

वीज आली होती. ड्रिल घरघरलं, निळा भुसा थानिनच्या बोटांवर पडला. रिंदानं पाइप धरला होता, या वेळी हात धुऊन, कोपरापर्यंत. तो हसला. "आता उपयोग नाही," तो हळूच म्हणाला. "मला रेघेची जागा पाठ आहे."

पिंप पुन्हा भरला. त्या बारीक भोकातून पाण्याची एक केसाएवढी धार आतल्या भिंतीवर चिरचिरत राहिली. खनून आपल्या पाण्यात परतला.

"मागे व्हा," याय म्हणाली. ती स्वतः बटणापाशी गेली, आणि तिनं पंप बंद केला.

धार थांबली. तिघंही पाइपाकडे बघत राहिले. पेटीतलं पाणी एक बोट चढलं… आणखी अर्धं बोट… आणि त्या तांदळाएवढ्या भोकानं एक घोट हवा गिळली. गुडुप.

पाणी थांबलं.

इतकी शांतता झाली की बाहेर वाळूवर फुटणारी लाट ऐकू आली. यायनं समाधानानं मान डोलावली आणि ती तांदूळ वाळत घालायला अंगणात गेली. जाता जाता म्हणाली, "कासव राहील. पाइपवाल्याचं तुमचं तुम्ही बघा."

थानिननं पेन्सिल खिशात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. "मग… माझं काम झालं इथलं."

रिंदा पेटीजवळ वाकली होती. तळाचे खडे एकेक मोजता येत होते. खनून काचेला नाक लावून दोघांकडे बघत होता.

"उद्या बहात्तर टोपल्या घासायच्यात," ती काचेकडे बघतच म्हणाली. "परवा विहारात पाइप धरायला कुणीतरी लागेल. आणि रस्त्याच्या वळणावर थांबून निमित्तं शोधायची काही गरज नाही." मग ती वळली. कानांपर्यंत लाल झाली होती, पण नजर हलली नाही. "सरळ आत येत जा… पी थानिन."

त्यानं पंपाचं बटण दाबलं. पाणी पुन्हा वर चढू लागलं.